गंडिकोट्याची सायकल सहल: वर्दळ टाळून आखणी कशी करावी

सोलापुरातून गंडिकोट्याला, म्हणजे आंध्र प्रदेशच्या कडप्पा जिल्ह्यातल्या दरीकाठच्या किल्ल्याला, सायकल सहल ठरली की आखणी बहुतेक वेळा उलट्या टोकाकडून सुरू होते. आधी रजा, मग खोली, मग फोनच्या नकाशावर सर्वांत जवळची दिसेल ती रेघ. पाणी कुठं मिळेल आणि त्या रेघेवरून दिवसभर काय धावतं, हे तिथं पोचल्यावर कळतं. पेन्नार नदीच्या दरीचा तो सगळा कोरडा, खडकाळ पट्टा रोड बाइकसाठी फार चांगला आहे. तिथले निवांत रस्ते मात्र नकाशावर आपण शोधतो तिथं क्वचितच असतात.

एक गोष्ट आधीच लक्षात ठेवा. आपल्या ओट्याला ज्या फरशीमुळे 'कडप्पा' म्हणतात, ती याच भागातल्या खाणींतून निघते. सिमेंटचे कारखाने आहेत, मुद्दनूरजवळ औष्णिक वीज केंद्र आहे. म्हणून रस्ता किती रुंद आहे यावरून वर्दळीचा अंदाज येत नाही. त्या रस्त्यावरून कोणता माल, कोणत्या महिन्यात आणि किती वाजता जातो, हे शोधावं लागतं. खालचा क्रम त्यासाठीच आहे. तो मोडू नका. रोज ५० ते ७० किलोमीटर आरामात चालवणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

१. आधी महिना, मग वार

डिसेंबरचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच काळ धरा.

दसरा झाला की पाऊस संपला, हा आपला हिशेब तिथं चालत नाही. रायलसीमेत, म्हणजे आंध्रच्या या भागात, ऑक्टोबर ते डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ईशान्य मोसमी पाऊस असतो, शिवाय बंगालच्या उपसागरातली वादळं. नोव्हेंबर २०२१ मध्ये याच भागात चेय्येरू नदीवरचं अन्नमय्या धरण पुरात फुटलं होतं. एरवी कोरडे दिसणारे ओढे एका रात्रीत फरशी पुलावरून वाहायला लागतात. फेब्रुवारी संपता संपता दुपार ३५ अंशांच्या पुढं जाते आणि सावली तर तिथं नाहीच.

संक्रांतीचा आठवडा, साधारण १० ते १८ जानेवारी, पूर्ण टाळा. सोलापूरच्या गड्डा यात्रेची सुट्टी जोडून जाऊ म्हणणारे नेमके याच अडचणीत सापडतात. आंध्रात तो वर्षातला सर्वांत मोठा सण. सगळे गावी निघालेले असतात. गाड्या, बस, खोल्या सगळं भरलेलं.

वार सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी बंगळुरू आणि हैदराबादकडून मोटारी येतात. मग जम्मलमडुगूहून वर येणारा १५ किलोमीटरचा एरवी शांत रस्ता पहाटेपासून धावू लागतो, कारण सगळ्यांनाच सूर्योदय काठावरून बघायचा असतो.

२. नकाशा उपग्रह चित्रात वाचा

या टप्प्याला एक अख्खी संध्याकाळ द्या. बहुतेकांचं इथंच चुकतं.

पहिली चूक म्हणजे 'ट्रॅफिक' दाखवणारा हिरवा रंग. तो रंग वाहनांचा वेग सांगतो, संख्या नाही. पन्नासच्या वेगानं शंभर ट्रक सुरळीत जात असतील तरी रस्ता हिरवाच दिसणार. दुसरी चूक, सायकलस्वारांच्या नोंदींचा उष्णता-नकाशा (जास्त वापरलेला रस्ता ठळक दाखवणारा) पाहून रस्ता निवडणं. पुणे-बंगळुरूच्या आसपास तो उपयोगी पडतो. रायलसीमेत इतके कमी लोक नोंद ठेवतात की कोऱ्या रस्त्याचा अर्थ चांगला किंवा वाईट, काहीच निघत नाही.

क्रम असा ठेवा:

- आधी राष्ट्रीय महामार्ग काढून टाका. इथला महत्त्वाचा ६७ क्रमांकाचा: ताडिपत्री, मुद्दनूर, जम्मलमडुगू, प्रोद्दटूर. मुद्दनूर ते जम्मलमडुगू हा नकाशाला सोपा वाटणारा तुकडा याच महामार्गाचा आहे.
- उरलेल्या रस्त्यांवर उपग्रह चित्र लावून एकेक किलोमीटर सरका. राखाडी-पांढरे चौकोनी खड्डे म्हणजे फरशीच्या खाणी. त्यांच्या बाजूला उभ्या रेषांसारखे ढीग दिसले तर तो फेकलेला चुरा.
- डांबराच्या दोन्ही कडा पांढरट दिसतात का पाहा. ती धूळ भरलेल्या गाड्यांतून सांडलेली असते. असा रस्ता कितीही अरुंद असला तरी लाल शाईनं खोडा.
- ढाब्यासमोर ट्रकांची रांग दिसली तर तिथून दोन्ही दिशांना १० किलोमीटर लाल.
- धरणाच्या कडेचे, कालव्याच्या बाजूचे आणि दोन लहान गावं जोडणारे रस्ते हिरव्यानं मारा. ते खडीचे निघण्याचा धोका असतो. एकसारखा काळा रंग आणि मधली पांढरी रेघ दिसली तर डांबर नक्की.

यातून एर्रगुंटला आणि ताडिपत्रीच्या आसपासचा सिमेंट-फरशीचा भाग जवळजवळ सगळा गळतो. कोलिमिगुंडल्याकडून बेलम गुहांकडे जाणारा रस्ताही खाणींतून जातो. उरतं ते गंडिकोट्याभोवतीचं: मुद्दनूरकडून दरीकडे येणारा सुमारे २५ किलोमीटरचा रस्ता, जम्मलमडुगूचा रस्ता आणि मैलवरम धरणाच्या बाजूचे आतले रस्ते. थोडंसंच आहे, पण तीन दिवसांना पुरतं. बेलम गंडिकोट्यापासून सुमारे ६० किलोमीटर. तिथं भाड्याची गाडी करून जा. गुहा बघायलाच हव्यात, पण तिथवर धूळ खात पॅडल मारण्यात काही मिळत नाही.

तपासणी: तुमच्या आखणीत लाल रस्त्याचा एकूण भाग १० टक्क्यांपेक्षा जास्त येत असेल तर मुक्काम बदला. रस्ता बदलून भागत नाही.

३. फोन करा, आणि प्रश्न नीट विचारा

'रस्ता चांगला आहे का?' असं कधीच विचारू नका. सगळे 'चांगला आहे' म्हणतात, कारण चांगला म्हणजे नवा, रुंद, गाडी पळवता येईल असा. आपल्याला नेमका तो नको असतो.

इथं सोलापूरकरांच्या हाताशी एक मोठी सोय आहे. शहराच्या पूर्व भागात घराघरांत तेलुगू बोललं जातं. तुमच्या गटातल्या किंवा ओळखीतल्या तेलुगू भाषकाला शेजारी बसवा आणि मुक्कामाच्या ठिकाणी, वाटेतल्या हॉटेलात, पंक्चरच्या दुकानात फोन लावा. 'ई रोड्डुलो लारीलु एक्कुव तिरुगुताया?' म्हणजे या रस्त्यावर ट्रक जास्त फिरतात का. 'तागे नीळ्ळु एक्कड दोरुकुतायि?' म्हणजे प्यायचं पाणी कुठं मिळतं. ही दोन वाक्यं पाठ केलीत तर पुढं रस्त्यावरही कामी येतील.

त्यानंतर हे विचारा: ट्रक किती वाजता सुरू होतात? खाणीचा सुट्टीचा वार कोणता? कुठं पूल किंवा रुंदीकरण चालू आहे का? सकाळी सहाला हॉटेल उघडतं का? दोन वेगवेगळ्या माणसांनी सारखं सांगितलं तरच वहीत लिहा.

इथवरचे तीन टप्पे प्रवासाच्या दोन महिने आधी संपवा. रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं आणि जानेवारीच्या जागा लवकर जातात.

४. पाण्याचा तक्ता

एका कागदावर दर १० किलोमीटरला एक ओळ. प्रत्येक ओळीत चार गोष्टी: दुकान, पाणी, सावली, परतीचा फाटा. 'बहुतेक मिळेल' असं लिहायचं नाही. फोनवर खात्री झाली नसेल तर तो रकाना रिकामा.

हिशेब सोपा आहे. सामानासह या उंचसखल भागात ताशी १६ ते १८ किलोमीटर धरा. ६० किलोमीटरला साडेतीन ते चार तास. थंडीच्या सकाळी तासाला ७५० मिलि, म्हणजे ३ लिटर, आणि त्यावर हात न लावायचा १ लिटर. सायकलवर दोन बाटल्या ७५०च्या, बाकी मागच्या पिशवीत. पाठीवर पाणी वाहू नका. दोन तासांनी कंबर बोलायला लागते.

आंध्रच्या बऱ्याच गावांत शुद्ध पाण्याचं केंद्र असतं, तिथं कॅन भरून मिळतात. सुट्टं पाणीही देतात. पण दुपारी केंद्र बंद असू शकतं, म्हणून अकराच्या आत भरून घ्या. दोन खात्रीच्या पाण्यांत २५ किलोमीटरांपेक्षा जास्त अंतर पडत असेल तर तो तुकडा दिवसाच्या पहिल्या तासात आणा.

क्षारांची पुडी एक लिटरची असते. ७५०च्या बाटलीत अख्खी पुडी टाकली की दाट होतं, पोट बिघडतं, आणि 'अंदाजानं' थोडी टाकली की माप चुकतं, उरलेली पुडी दमट होऊन गोळा. लिटरच्या बाटलीत अख्खी पुडी विरघळवा, मग त्यातून भरा.

खाण्यासाठी बाहेरून काही विकत आणायची गरज नाही. कडक भाकरी, शेंगांची चटणी, शेंगापोळी: आठवडाभर टिकणारं, न सांडणारं, मीठ-तेल-गोड तिन्ही देणारं खाणं आपल्याच घरात आहे. कडक भाकरी मात्र पिशवीत वरच्या बाजूला ठेवा, नाहीतर संध्याकाळी भुगा निघतो. सकाळी वाटेत उग्गानी मिळाली तर जरूर खा. चुरमुऱ्यांची आहे, आपल्या सुशील्याचीच बहीण.

सावधान: तहान लागल्यावर पिऊ, हा नियम कोरड्या हवेत फसतो. घाम जागच्या जागी वाळतो, कपडे ओले होत नाहीत, त्यामुळे किती पाणी गेलं ते कळतच नाही. १५ मिनिटांचा गजर लावा.

५. दिवसाचं वेळापत्रक आणि दिशा

डिसेंबर-जानेवारीत तिथं सूर्य पावणेसातच्या आसपास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. उजाडताना निघायचं, अकराला सायकल बंद. दुपारी चारनंतर हवं असेल तर तासभर. अंधारात अजिबात नाही. ऊस किंवा फरशी भरलेल्या ट्रॉलीला मागचा दिवा नसतो आणि तिच्या मागून येणाऱ्याला तुम्ही दिसत नाही.

दिशा ठरवताना दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. हिवाळ्यात वारा बहुतेक पूर्व-ईशान्येकडून येतो आणि दहानंतर वाढतो. त्यामुळे जाताना पूर्वेकडे, परत येताना पश्चिमेकडे, हे पायांना सोयीचं. पण उगवत्या सूर्याकडे तोंड करून चालवताना तुमच्या मागून येणाऱ्या चालकाच्याही डोळ्यांत तोच सूर्य असतो, आणि तो तुम्हाला बघत नाही. म्हणून पहिला पाऊण तास दक्षिणोत्तर जाणारा तुकडा घ्या. सूर्य दोन हात वर आला की पूर्वेला वळा. असा तुकडा नसेल तर चहा घ्या आणि थांबा.

रोज मुक्काम हलवू नका. गंडिकोटा किंवा जम्मलमडुगूत एकाच ठिकाणी राहून तीन फेऱ्या करा. सायकल हलकी राहते आणि रस्ता वाईट निघाला तर दुसऱ्या दिवशी दुसरा घेता येतो.

तपासणी: पहिल्या सकाळी रस्त्याला लागल्यावर पहिल्या फाट्यावर १० मिनिटं उभे राहा आणि फक्त जड वाहनं मोजा. दोनपर्यंत असतील तर चला. पाचाच्या वर गेली तर ठरवलेला पर्यायी रस्ता घ्या. चर्चा करत बसू नका.

६. सायकल: काट्यांची तयारी

या भागातला खरा शत्रू वेडी बाभूळ आणि सराटा. दोन्ही सोलापूरकरांना नवे नाहीत, पण सोलापुरात घर जवळ असतं, तिथं नाही.

टायर किमान २८ मिमी, शक्य असेल तर ३२. साधारण ७० किलोच्या माणसाला थोड्या सामानासह २८ मिमीला पुढं ७० आणि मागं ८० पीएसआय, ३२ मिमीला पुढं ५५ आणि मागं ६५. काटे टाळायला टायर दगडासारखा करू नका. खडबडीत डांबरावर सायकल उड्या मारते आणि हात सुन्न होतात.

सोबत न्यायचं: माणशी दोन ट्यूब, ठिगळांचा संच, न उघडलेली सोल्युशनची नळी, तीन टायर लिव्हर, पंप, साखळीची जोडकडी, साखळी तोडायचं हत्यार, गिअर हँगर (मागचा गिअर फ्रेमला जोडणारा तुकडा), ब्रेक-गिअरच्या तारा दोन, आणि जुन्या टायरचा पाच सेंटिमीटरचा तुकडा. टायर फाटला तर आतून तोच लावता येतो. उघडलेली सोल्युशनची नळी दोन महिन्यांत आतल्या आत वाळते, आणि ते कळतं ते रस्त्यावरच. खेड्यातल्या दुकानात ७०० सी ट्यूब मिळत नाही. बारीक तोंडाच्या प्रेस्टा व्हॉल्व्हला तिथला पंप बसत नाही. पितळेचा अडॅप्टर व्हॉल्व्हवरच फिरवून ठेवा, पिशवीत हरवतो.

आता पंक्चर काढण्याबद्दल, कारण एकाच भोकावर तीन-तीन ट्यूब घालवलेले गट दिसतात. बाभळीचा काटा टायरमधून आत जातो आणि मोडतो. बाहेरून फक्त एक काळा ठिपका दिसतो, आतलं टोक एक मिलिमीटरही नसतं. बोट फिरवून ते लागत नाही, कारण बोटानं दाबलं की टोक रबरात मागं सरकतं. कापसाचा बोळा घ्या आणि टायरच्या आतून सावकाश पूर्ण फेरी मारा, मग उलट दिशेनं दुसरी. जिथं कापसाचा एक तंतू अडकून लांबतो, तिथं काटा. नखं कापायच्या चिमट्यानं बाहेरच्या बाजूनं ओढा, नाही निघाला तर सुईनं आतून बाहेर ढकला. मगच नवी ट्यूब. ट्यूबवरचं भोक आणि टायरवरचा ठिपका जुळतात का तेही पाहा. म्हणून टायर चढवताना त्यावरचं नाव नेहमी व्हॉल्व्हसमोर आणायची सवय ठेवा.

ट्यूबलेसवाल्यांनी निघण्याच्या आठवडाभर आधी सीलंट (भोक आतून बुजवणारा द्रव) बदलावं. ३२ मिमीला ४० ते ५० मिलि. आपल्या उन्हात ते दोन-तीन महिन्यांत वाळून आत साय धरतं.

सावधान: थांबताना सायकल डांबरावरून खाली ढकलत नेऊ नका. उचला आणि ठेवा. बरीच पंक्चर फोटो काढायला थांबलेल्या जागी होतात.

७. सोलापुरात रंगीत तालीम

निघण्याच्या तीन आठवडे आधी, सगळं सामान लावून, एक पूर्ण सकाळ. हत्तरसंग कुडल बरं पडतं: एका बाजूला सुमारे ४० किलोमीटर, भीमा-सीनेचा संगम, सावली कमी, तसाच मोकळा माळ. विजापूर रस्त्याचा चौपदरी भाग मंद्रूपच्या बाजूला लवकरात लवकर सोडा. हाच काळ गाळपाचा असल्यानं उसाच्या डबल ट्रॉल्या भेटतील. त्या मागून आल्या तर साइडपट्टीवर उतरून थांबा. पहिली ट्रॉली निघून गेली की लोक सायकल आत घेतात आणि दुसरी अंगावर येते.

तालमीत तीनच गोष्टी लिहा: तासाला किती पाणी प्यालात, सामानासह खरा वेग किती आला, काय ढिलं झालं. कॅरिअरचे बोल्ट हमखास होतात; निळं थ्रेडलॉक (बोल्ट ढिला होऊ न देणारा डिंक) लावा. आलेल्या आकड्यांनी चौथ्या टप्प्याचा तक्ता पुन्हा करा.

८. रेल्वे

मुंबई-चेन्नई मार्गावरच्या गाड्या सोलापूरहून वाडी, रायचूर, गुंटकल, ताडिपत्रीमार्गे कडप्प्याला जातात, म्हणजे बदलाबदली नाही. सायकल मात्र फुकट सामानात धरली जात नाही, ती नोंदवावी लागते.

पार्सल कार्यालयात जाऊन 'लगेज म्हणून, याच गाडीनं' असं स्पष्ट सांगा. नुसतं 'पाठवायची आहे' म्हटलं की ती पार्सल धरली जाते आणि दुसऱ्या गाडीनंही जाऊ शकते. सोबत प्रवासाचं तिकीट आणि ओळखपत्र. गाडीच्या दोन तास आधी पोचा.

बांधताना: पॅडल काढा, हँडल फ्रेमला समांतर फिरवा, मागचा गिअर हँगरवरून सोडून फ्रेमच्या आत टेपनं बांधा, त्यावर पुठ्ठा. बाटल्या, दिवे, मीटर, सीटखालची पिशवी काढून घ्या. वरून गोणपाट. नाव, फोन आणि उतरायचं स्टेशन दोन ठिकाणी मार्करनं लिहा.

उतरायचं स्टेशन निवडताना गाडी किती मिनिटं थांबते ते पाहा. या मार्गावर मुद्दनूर दरीला सर्वांत जवळ, पण लहान स्टेशन. मोजक्या थांब्यात सामानाच्या डब्याचं दार उघडून सायकली उतरतीलच असं नाही. कडप्प्यापर्यंत नोंदवा आणि तिथून छोटा टेम्पो करून जम्मलमडुगू गाठा. मधला भाग कारखान्यांचा आहे, तो सायकलनं करण्यासारखा नाही.

तपासणी: गाडी सुटण्याआधी सामानाच्या डब्यापाशी उभं राहून सायकली चढलेल्या डोळ्यांनी पाहा. गटातल्या एकाचं आरक्षण त्या डब्याजवळ घ्या, म्हणजे उतरताना तो आधी पोचतो. पावती त्याच्याकडेच.

९. दरीच्या काठावर आणि परत

काठाला बहुतेक ठिकाणी कठडा नाही. खडक थरांचा आणि झिजून गुळगुळीत. सायकलच्या बुटांच्या क्लीटनं (पॅडलला अडकणाऱ्या तळच्या कडक तुकड्यानं) त्यावर चालू नका, पाय सरळ सरकतो. साधी चप्पल पिशवीत ठेवा आणि सायकल किल्ल्याजवळच उभी करा. धरणाच्या पाण्यात उतरू नका.

जानेवारीच्या शेवटापासून गावाजवळ हरभरा, तूर रस्त्यावर वाळत घातलेली असते. तिथं ब्रेक न लावता, हँडल सरळ ठेवून, सावकाश जा. दाण्यांवर पुढचं चाक क्षणात निसटतं. बिनरंगाचे गतिरोधक गावाच्या दोन्ही टोकांना असतातच.

कुणाचं डोकं दुखायला लागलं, उन्हात अंगावर काटा आला, बोलणं विस्कळीत झालं, तर तिथंच थांबा. सावली, कपडे सैल, पंचा भिजवून मान, काखा आणि जांघांवर, आणि पुठ्ठ्यानं वारा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. रुग्णवाहिकेसाठी १०८, दोन्ही राज्यांत तोच क्रमांक. दरीजवळ फोनला रेंज जाते-येते. रेंज शेवटची कुठं मिळाली ते तक्त्यात लिहीत चला, मदतीला माणूस पाठवताना कोणत्या बाजूला पाठवायचा ते लगेच कळतं.

परत आल्यावर सायकल स्टेशनवर उलगडून तपासा आणि हँगर वाकला असेल तर पावती देण्याआधी नोंद करून घ्या. घरी दोन्ही टायर काढून कापूस फिरवा. सीलंट आणि जाड टायरमुळे न जाणवलेले दोन-चार काटे आत हमखास निघतात, आणि नाही काढले तर पुढच्या रविवारी बार्शी रस्त्यावर पंक्चर करतात.